सर्व्हरचा हिशेब आणि चांदची तारीख

नमाजच्या वेळा आणि सहरी-इफ्तारचे तक्ते देणारी छोटी संकेतस्थळे आज आपल्यातली अनेक तरुण मंडळी हौसेने चालवतात. खर्च बहुधा चंद्यातून निघतो. रमजान तोंडावर आला की एकच वाद होतो : मोठा सर्व्हर घ्यायचा, की आहे तोच पुरेल? चंदा ही अमानत आहे, तेव्हा याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. रोजच्या आकड्यांचा आलेख समोर असला की ते डोळ्यांना दिसते.

आलेखाची मोफत साधने पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाची आठवण वेगळी. प्रोमिथियस अगदी बारीक नोंद घेते. मात्र मुदत मुद्दाम वाढवली नाही, तर 15 दिवसांपूर्वीचे आकडे टाकून देते. ग्राफाना आलेख देखणे काढते, पण आकडे साठवायला दुसरे साधन लागते. मुनिनची फाइल कधी फुगत नाही, कारण मूळ मांडणीत ते 450 दिवसांपलीकडचे विसरते.

आपल्याला मात्र वर्षांमागून वर्षे हवीत. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो. महाराष्ट्रात मार्च 2024 मध्ये 20 रोजे आले, मार्च 2025 मध्ये 29. मग मार्चची मार्चशी तुलना करून वाचक वाढले, असे कसे म्हणावे?

दुसरा धोका सरासरीचा. समजा, इफ्तारपूर्वीच्या पाच मिनिटांत मिनिटाला 288 भेटी झाल्या आणि उरलेला दिवस रिकामा गेला. दिवसाची सरासरी निघते मिनिटाला फक्त एक! सर्व्हर बंद पडतो तो त्या पाच मिनिटांत, आणि सरासरीच्या आलेखात ती दिसतही नाहीत.

म्हणून आमचा सल्ला साधा आहे. रोज रात्री सर्व्हरने एका सीएसव्ही फाइलमध्ये एक ओळ लिहावी : तारीख, दिवसाच्या एकूण भेटी, सर्वांत गर्दीच्या पाच मिनिटांतल्या भेटी, डिस्कवर उरलेली जागा. हिजरी तारीख चंद्रदर्शनानंतर आपण भरावी. दहा वर्षांच्या ओळी होतात साडेतीन हजारांच्या आसपास. फाइल मोबाइलच्या एका फोटोहून लहान. आलेख ग्नूप्लॉटने काढा किंवा साध्या स्प्रेडशीटमध्ये. पहिल्या रोजाखाली पहिला रोजा येईल अशी वर्षे मांडा. कोण आले, कुठून आले, हे लिहू नका. मोजणीपुरता आकडा बस्स.

सर्व्हरच्या मूळ नोंदी बऱ्याच ठिकाणी दोन आठवड्यांत आपोआप पुसल्या जातात. सुटलेल्या रोजाची कजा करता येते, सुटलेल्या आकड्याची नाही. आजपासून ओळ लिहायला लागा. येत्या रमजाननंतर चंद्याचा हिशेब मांडताना ती कामी येईल, इन्शाअल्लाह.