नाव बदललं, पण कळवलं कोणाकोणाला?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्याच्या आगेमागे माझ्याकडे घरातल्यांचे तीन लॅपटॉप आले. तिघांचं दुखणं एकच. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो, आणि हे तिघेही त्याआधीचे. सिक्युरिटी अपडेटची वर्षभराची मुदतवाढ मिळते, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. चालता लॅपटॉप भंगारात द्यायला जीव होईना, म्हणून मी तिघांवरही लिनक्स मिंट टाकलं.

इथवरची गोष्ट तुम्ही खूप ठिकाणी वाचली असेल. त्यानंतर काय होतं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. माझ्याबाबतीत ते एका नावावरून झालं.

मिंट इन्स्टॉल करताना अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्समध्ये एलव्हीएम वापरायचा पर्याय येतो. मी तो तिन्ही वेळा टिक केला. एलव्हीएम म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. साधं पार्टिशन म्हणजे खोलीत बांधलेली विटांची भिंत, हलवायची तर तोडफोड आली. एलव्हीएम म्हणजे चाळीतल्या खोलीत कपाट आडवं लावून केलेल्या दोन खोल्या. पाहुणे आले की कपाट सरकवा, जागा कमी-जास्त करा. डिस्कची सगळी जागा एका ग्रुपमध्ये जाते आणि त्यातून हवे तेवढे व्हॉल्यूम कापून घेता येतात. प्रत्येक ग्रुपला नाव असतं, प्रत्येक व्हॉल्यूमलाही असतं. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर मिंट ग्रुपचं नाव ठेवतं व्हीजीमिंट, आणि मुख्य व्हॉल्यूमचं रूट. प्रत्येक लॅपटॉपवर हेच.

आता गंमत बघा. माझ्या आत्याच्या मोठ्या मुलाच्या, म्हणजे दादाच्या, लॅपटॉपचा मदरबोर्ड डिसेंबरात गेला. त्याची चार दिवसांवर व्हायवा, प्रोजेक्ट रिपोर्ट त्याच डिस्कवर, आणि बॅकअप? नाव काढू नका. मी डिस्क काढली, यूएसबी केसमध्ये घातली आणि त्याच्या धाकट्या भावाच्या लॅपटॉपला जोडली. केसवरचा दिवा लागला, पण फाइल मॅनेजरमध्ये डिस्क काही उघडेना. दादाचा चेहरा पांढराफटक.

टर्मिनलमध्ये व्हीजीएस ही कमांड दिली तेव्हा उलगडा झाला. (इथे मी कमांड देवनागरीत लिहितेय. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत, पुढे सुडो लावून टाइप करायच्या.) एलव्हीएम सांगत होतं की व्हीजीमिंट नावाचे दोन ग्रुप आहेत, आणि व्हीजीरीनेम वापरून एकाचं नाव बदला. डिस्कमध्ये बिघाड नव्हताच. वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली की हजेरीला जे होतं, तेच झालं होतं.

मग हाक कशी मारायची? नावाने नाही, तर यूयूआयडीने. प्रत्येक ग्रुपला आणि व्हॉल्यूमला एलव्हीएम जन्मतःच ३२ अक्षरांचा एक आयडी देतं. नाव बदललं तरी तो बदलत नाही. व्हीजीएसला ग्रुपचं नाव आणि यूयूआयडी दोन्ही दाखवायला सांगितलं, दादाच्या डिस्कचा आयडी कॉपी केला, आणि व्हीजीरीनेम, तो आयडी, मग नवं नाव व्हीजीदादा, असं लिहून एंटर मारलं. मग व्हीजीचेंज कमांडने ग्रुप चालू केला आणि डिस्क उघडली. रिपोर्ट जागच्या जागी. सगळं मिळून दोन मिनिटं गेली असतील, त्यातही आयडी नीट कॉपी करण्यातच जास्त.

एवढ्या पटकन कसं झालं? कारण नाव बदलताना तुमच्या फाइल्सना कोणी हातही लावत नाही. ग्रुपची सगळी माहिती, म्हणजे कोणता व्हॉल्यूम डिस्कच्या कोणत्या भागात आहे ती, डिस्कच्या सुरुवातीच्या एका छोट्या जागेत साध्या मजकुराच्या रूपात असते. नाव बदलतं ते तिथलं. पाचशे जीबीचा व्हॉल्यूम असो की पाचचा, वेळ तेवढाच. एका व्हॉल्यूमचं नाव बदलायचं तर एलव्हीरीनेम: आधी ग्रुपचं नाव, मग जुनं नाव, मग नवं. व्हॉल्यूम वापरात असतानाही हे चालतं. शिवाय बदल करण्याआधी एलव्हीएम जुन्या माहितीची प्रत ईटीसी फोल्डरमधल्या एलव्हीएमच्या आर्काइव्हमध्ये ठेवून देतं.

नावांचे नियम मात्र जरा खडूस आहेत. रोमन अक्षरं, आकडे, अधिक, अंडरस्कोअर, टिंब आणि हायफन एवढंच चालतं, आणि सुरुवात हायफनने नको. म्हणजे व्हॉल्यूमला देवनागरीत ‘फोटो’ असं नाव देता येत नाही. त्यातल्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमच्या लेबलला १६ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, त्यामुळे तिथे ‘फोटो’ १२ बाइटमध्ये मावतं, ‘छायाचित्रे’ मावत नाही. हायफनही शक्यतो टाळाच. ग्रुपचं नाव आणि व्हॉल्यूमचं नाव जोडायला सिस्टिम स्वतःच हायफन वापरते, म्हणून नावातला हायफन ती दोनदा लिहिते. उबुंटू सर्व्हरवर उबुंटू, दोन हायफन, व्हीजी, एक हायफन, उबुंटू, दोन हायफन, एलव्ही अशी जी आगगाडी दिसते, ती यामुळेच.

व्हायवा झाली. तीन आठवड्यांनी दादाचा लॅपटॉप दुरुस्त होऊन आला. डिस्क परत आत बसवली, बटण दाबलं, मिंटचा लोगोही दिसला, आणि मग काळी स्क्रीन. व्हीजीमिंट-रूट अस्तित्वात नाही, असा इशारा. दादाने लगेच दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो बिचारा शपथेवर सांगत होता की मी डिस्कला हात लावलेला नाही. मी शेजारीच उभी होते, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. डिस्कला हात मीच लावला होता. ग्रुपचं नाव व्हीजीदादा मी केलं होतं, आणि काम झाल्यावर पार विसरले होते.

नाव बदललं होतं एकाच ठिकाणी, आणि जुनं नाव मात्र तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. एक, एफएसटॅब फाइल, कोणती जागा कुठे जोडायची त्याची यादी. दोन, ग्रबची सेटिंग फाइल, जी कर्नलला रूट कुठे आहे ते सांगते. तीन, इनिटरॅमएफएस, म्हणजे सिस्टिम उठताना लागणारं छोटं गाठोडं. त्यात स्वॅपचा पत्ता जुन्याच नावाने असतो. साध्या पार्टिशनवर मिंट आणि उबुंटू इथे यूयूआयडी लिहितात. एलव्हीएमवर मात्र नाव लिहितात, कारण व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेतला की त्यातल्या फाइल सिस्टिमचा यूयूआयडी मूळ व्हॉल्यूमसारखाच असतो. माझ्या मते ही सोय नवख्यांना महागात पडते, आणि इन्स्टॉलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. निदान ग्रुपच्या नावात लॅपटॉपचं नाव तरी घालावं. डेबियनचा इन्स्टॉलर तसं करतो.

मुंबईकरांना हे वेगळं समजवायला नको. १९९५ ला बॉम्बेचं मुंबई झालं, पण विमानतळावर बॅगेला लागणाऱ्या टॅगवर आजही बीओएमच छापतात, म्हणून बॅगा हरवत नाहीत. उद्या एकाच विमानतळाने कोड बदलला आणि बाकीच्यांना कळवलं नाही, तर बॅगा कुठे जातील?

तुम्ही म्हणाल, आम्ही तर फोनवाले, आमचा काय संबंध? आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये सुपर नावाचं एक मोठं पार्टिशन असतं आणि सिस्टिम, व्हेंडर, प्रॉडक्ट असे लॉजिकल भाग त्यातून कापलेले असतात. तिथे एलव्हीएम नाही, पण खाली लिनक्स कर्नलचा डिव्हाइस मॅपर तोच. कॉम्प्युटरवरून एडीबीने फोनमध्ये डीएफ कमांड दिलीत तर डीएम आणि पुढे आकडा अशी नावं दिसतील, ती त्याचीच. अपडेटच्या वेळी नाव बदलायच्या भानगडीत अँड्रॉइड पडतच नाही. भागांच्या नावापुढे ए आणि बी अशी शेपटी असते. तुम्ही रील्स बघत असताना नवी आवृत्ती दुसऱ्या शेपटीखाली तयार होते, आणि रीस्टार्टला फोन तिकडे उडी मारतो. नवी नीट उठली नाही तर परत जुनीकडे. रूट केलेल्या फोनवर मात्र या नावांशी खेळू नका. फोन सुरू होताना त्यांनाच शोधतो.

दादाच्या लॅपटॉपचं काय केलं? मिंटच्या पेनड्राइव्हवरून तो सुरू केला, व्हीजीरीनेम देऊन व्हीजीदादाचं परत व्हीजीमिंट केलं आणि रीस्टार्ट मारला. उठला. तिन्ही फाइल्स दुरुस्त करून नवं नाव ठेवता आलं असतं, पण तेव्हा दादा मागे हाताची घडी घालून उभा होता. ज्या व्हॉल्यूमवरून सिस्टिम सुरू होते त्याला उगाच नवं नाव देऊ नका, असंच मी सांगेन. फोटो-सिनेमांसाठी वेगळा व्हॉल्यूम केला असेल तर त्याचं खुशाल बदला, फक्त एफएसटॅबमध्ये त्याची ओळ आहे का ते त्याच बैठकीत बघा, रीस्टार्टच्या आधी.

दुरुस्तीवाल्याला मी स्वतः फोन करून सॉरी म्हटलं. तो म्हणाला, ताई, पुढच्या वेळी डिस्कवर चिठ्ठी चिकटवा. आता दादाच्या डिस्कवर पिवळी चिठ्ठी आहे, आणि धाकट्याच्या लॅपटॉपवर ग्रुपचं नाव अजून व्हीजीमिंटच आहे.