रस्ता म्हणजे धावपट्टी नव्हे

एखादें लहान विमान यंत्र बंद पडल्यामुळें भररस्त्यावर उतरलें आणि वैमानिक सुखरूप बाहेर आला, अशी वार्ता आली म्हणजे चोहोंकडून त्याच्या धैर्याची वाहवा होते. ती वाहवा रास्त आहे, आणि तींत आम्हीही सामील आहों. परंतु तिच्या भरांत एक प्रश्न मागें पडतो. वैमानिकानें विमानांत पाऊल ठेविलें तेव्हां त्यानें समजून-उमजून जोखीम पत्करली. पण ज्या रस्त्यावर तें विमान उतरलें, त्या रस्त्यानें आपल्या कामास निघालेल्या मनुष्यानें ती केव्हां पत्करली होती?

यंत्र थांबलें म्हणून विमान दगडासारखें खालीं पडत नाहीं. तें तरंगत उतरूं लागतें. सेस्ना १७२ हें विमान जगांत सर्वत्र प्रचारांत आहे. तें १००० फुटांवरून सुमारें दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर, जाऊं शकतें, आणि जमिनीस टेकण्यास त्यास मिनिट-दीड मिनिट लागतें. एवढ्या अवधींत वैमानिकानें जागा निवडावयाची! खालीं दाट वस्ती असली म्हणजे सरळ व रुंद असा रस्ताच तेवढा नजरेंत भरतो. विजेच्या तारा आणि दिव्यांचे खांब जवळ आल्यावरच दिसतात.

आपल्या देशांत २३ जानेवारी २०२० रोजीं गाझियाबादजवळ राष्ट्रीय छात्रसेनेचें विमान, आणि २७ मे २०२१ रोजीं मथुरेजवळ प्रशिक्षणाचें एक विमान, द्रुतगति महामार्गावर उतरलें. दोन्ही वेळां जीवितहानि झाली नाहीं. परंतु ते शहराबाहेरचे प्रशस्त मार्ग होते. शहरांतील रस्त्याची गोष्ट निराळी. अमेरिकेंत फ्लॉरिडा राज्यांतील पेंब्रोक पाइन्स येथें १५ मार्च २०२१ रोजीं नुकतेंच उडालेलें विमान विमानतळालगतच्या रस्त्यावर एका मोटारीवर आदळलें. विमानांतील दोघे आणि मोटारींतील चार वर्षांचा मुलगा प्राणांस मुकले. पोर्तुगाल देशांत लिस्बनजवळ २ ऑगस्ट २०१७ रोजीं एक सेस्ना विमान गर्दीच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरविण्यांत आलें. विमानांतील दोघे सुखरूप राहिले; वाळूवर असलेला एक पुरुष व आठ वर्षांची एक मुलगी मात्र ठार झालीं. वरच्यांची जोखीम खालच्यांच्या माथीं कशी येते, याचें याहून विदारक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

मुंबईकरांसही हा विषय परका नाहीं. जुहूचा विमानतळ १९२८ सालीं स्थापन झाला, आणि १९३२ सालीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेंच उतरले. आज त्या जागेभोंवतीं शहर दाटलें आहे. २८ जून २०१८ रोजीं जुहूहून चाचणीसाठीं उडालेलें एक लहान विमान घाटकोपर येथें बांधकामाच्या जागीं कोसळलें. विमानांतील चौघे आणि खालीं असलेला एक पादचारी असे पांच जण मृत्यु पावले. तें संकटकाळचें उतरणें नव्हे, सरळ पतन होतें, असें कोणी म्हणेल. पण त्या पादचाऱ्यास या भेदाचा काय उपयोग?

यावर शहरांतील विमानतळ बंद करा, असें कित्येक म्हणतात. कॅलिफोर्नियांतील सांता मोनिका नगरास २०२८ सालानंतर आपला विमानतळ बंद करण्याची मुभा मिळाली आहे. तथापि मोकळी धावपट्टी गेली म्हणजे संकटांत सांपडलेल्या वैमानिकास उतरण्याची एक सुरक्षित जागाही गेली, हें विसरतां कामा नये. खरा उपाय संकट उद्भवण्यापूर्वींचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें २०११ ते २०१५ या वर्षांचा हिशेब दिला आहे. त्यावरून इंधनाच्या अव्यवस्थेमुळें तेथें लहान विमानांस वर्षाकांठीं सरासरी ५० हून अधिक अपघात झाले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक अपघातांत इंधन साफ संपलें होतें! ज्या संकटाचें मूळ टाकींतील इंधन न पाहण्यांत आहे, त्यास दैवाची लीला म्हणणें ही आत्मवंचना होय.

म्हणून आमचें मागणें स्पष्ट आहे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढील जमीन बांधकामापासून मुक्त राखावी, आणि तेथें इमारतींस परवानगी देणाऱ्यास जाब विचारावा. दुरुस्तीनंतरचीं चाचणीचीं उड्डाणें दाट वस्तीवरून नेऊं नयेत. विमान वांचविण्यापेक्षां खालचीं माणसें वांचविणें हा पहिला धर्म होय, हें शिकाऊ वैमानिकाच्या मनावर पहिल्या दिवसापासून बिंबवावें. खालीं मेलेल्याच्या कुटुंबास भरपाईसाठीं वर्षानुवर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागूं नयेत. आणि चौकशीचे अहवाल सामान्य नागरिकास वाचतां येतील अशा भाषेंत, म्हणजे महाराष्ट्रांत मराठींत, प्रसिद्ध व्हावे.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. साहस केल्यावांचून उदीम वाढत नाहीं, हें त्यांस सांगावयास नको. पण सचोटीचा व्यापारी साहस करतो तें स्वतःच्या भांडवलावर. शेजाऱ्याची तिजोरी त्यास न विचारतां डावास लावीत नाहीं. आकाशांतील साहसासही हाच न्याय लागू आहे. विमानविद्येची भरभराट व्हावी, ही आमचीही इच्छा आहे. मात्र तिची किंमत रस्त्यानें चालणाऱ्या गरिबाकडून, त्याच्या नकळत, वसूल होतां कामा नये.