उजळलेला ठिपका म्हणजे निदान नव्हे

स्वादुपिंडातील न्यूरोएंडोक्राइन गाठी विरळ असल्या, तरी त्यांच्या निदानातून उभा राहणारा प्रश्न विरळ नाही. या गाठींच्या पेशींवर बहुधा सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक मोठ्या संख्येने असतात. त्यांना चिकटणाऱ्या डोटाटेटला गॅलियम-६८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून शिरेतून दिले, की पेट स्कॅनवर गाठ उजळून दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली मान्य केलेल्या या तंत्राचे मोल वादातीत आहे.

परंतु जे जे उजळते ते ते गाठच असते काय? स्वादुपिंडाच्या शीर्षाचा आकड्यासारखा वळलेला भाग निरोगी माणसातही उजळू शकतो. शेपटाकडील भागात दडलेला प्लीहेचा उपखंड तर गाठीचे हुबेहूब सोंग घेतो. उलटपक्षी, इन्शुलिन स्रवणाऱ्या कित्येक गाठी या तपासणीत उजळतच नाहीत. रक्तातील साखर उतरून रुग्ण बेशुद्ध पडत असतो आणि अहवाल मात्र निर्दोष येतो. पहिल्या प्रकारच्या चुकीमुळे स्वादुपिंडाचे शीर्ष, आद्यांत्र व पित्ताशय काढून टाकणारी मोठी शस्त्रक्रिया विनाकारण होऊ शकते; दुसऱ्या चुकीमुळे खरा रुग्ण उपचाराला मुकतो.

म्हणूनच उजाळा विखुरलेला आहे की एका जागी एकवटलेला, त्या जागी सीटी वा एमआरआयमध्ये काही दिसते काय, रक्ततपासणी व रुग्णाची लक्षणे काय सांगतात, हे ताडून पाहिल्याविना अहवालावर सही होता कामा नये. प्लीहेच्या उपखंडाचा संशय असेल, तर उष्णतेने क्षीण केलेल्या तांबड्या पेशींना टेक्नेशियम जोडून केलेला स्कॅन तो फेडू शकतो.

या विद्येचा पाया भारतात सार्वजनिक पैशातून घातला गेला. मुंबईत परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली अणुऊर्जा खात्याने उभारले. याच गाठींवरील उपचारात वापरले जाणारे ल्युटेशियम-१७७ तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार झाले. ज्या जनतेने हा खर्च उचलला, तिच्या वाट्याला यंत्राबरोबर जाणता वाचकही आला पाहिजे. यंत्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात. स्कॅन वाचणाऱ्या तज्ज्ञाचे पद भरण्याचा मात्र समारंभ होत नाही. शासकीय रुग्णालयांत अशी पदे निर्माण करणे व भरणे, शल्यचिकित्सक आणि संप्रेरकतज्ज्ञ यांच्यासह अहवालांची एकत्र छाननी करणे आणि मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे वाचन हा रुग्णाचा हक्क मानणे, एवढे तरी शासनाने करावे. श्रीमंत रुग्ण दुसरे मत विकत घेऊ शकतो. गरिबाला ते व्यवस्थेनेच दिले पाहिजे.