प्रमाणपत्र मिळाले, प्रशिक्षणाचे काय?

जून-जुलै उजाडला की अहिल्यानगरच्या सावेडी उपनगराची वस्ती एकाएकी वाढते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, पारनेर अशा तालुक्यांतून मुले-मुली शिक्षणासाठी येतात आणि गुलमोहर रस्ता, पाईपलाईन रस्ता, भिस्तबाग या परिसरातील गल्लीबोळांत खोल्यांचा शोध सुरू होतो. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असा हा जिल्हा. घरून रोज ये-जा करणे अनेकांना अशक्यच असते. मुलाला पोचवायला आलेले वडील पाण्याची वेळ विचारतात, आई मेसमधील पोळी मोडून पाहते, मुलगी असेल तर दाराची कडी दोनदा तपासली जाते. एवढी सारी चौकशी करणाऱ्या पालकांना एका गोष्टीचा मात्र विसर पडतो. ज्या दारातून अनोळखी माणूस रात्री दोन वाजताही आत येऊ शकतो, ते दार मुलाच्या खिशात असते आणि त्याला कडी कशी घालायची हे त्याला कुणीच शिकवलेले नसते.

शासनाने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळ २०१९ मध्ये सुरू झाले. ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्येक महिन्याचा पहिला बुधवार ‘सायबर जागरूकता दिवस’ म्हणून पाळण्याची पद्धत आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्याच महिन्यात मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा सुरू झाली. २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्याविषयी आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे आली. कागदावर उणीव शोधू गेल्यास ती फारशी सापडणार नाही.

उणीव आहे ती कागद आणि विद्यार्थी यांच्यामधल्या अंतरात. पहिल्या बुधवारी सभागृहात मुले बसवली जातात, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, पडद्यावर इंग्रजी अक्षरे सरकतात, गुप्तशब्द कुणाला सांगू नये असा उपदेश होतो, छायाचित्र निघते आणि अहवाल वर जातो. नंतर दहा प्रश्नांची ऑनलाईन चाचणी. एकाने उत्तरे शोधली की ती वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरतात आणि सायंकाळपर्यंत साऱ्यांच्या हाती रंगीत प्रमाणपत्र येते. (ते प्रमाणपत्र मिळविण्यासाठी नाव, मोबाइल क्रमांक आणि ई-मेल कुठल्या तरी अनोळखी अर्जात भरावे लागते, यातील विनोद सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही!)

रॅगिंगच्या बाबतीत हा अनुभव आपण एकदा घेतलेला आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला, देश हादरला आणि त्याच वर्षी आयोगाचे कडक विनियम आले. विद्यार्थी आणि पालक अशा दोघांनीही हमीपत्र द्यावे, ही त्यातील कल्पना मूलतः उत्तम होती. बाप-लेकाने एकत्र बसून ते वाचावे, त्यावर बोलावे, हा तिचा गाभा. आज ते हमीपत्र किती घरांत वाचले जाते? प्रवेशाच्या गर्दीत संगणक केंद्रावरचा मुलगाच ते भरून देतो आणि पालकाला आपण कशाची हमी दिली याचा पत्ताही नसतो.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात १९८६ मध्ये जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीची हत्या झाली. तिच्या आई-वडिलांनी दिलेल्या लढ्यातून १९९० मध्ये कायदा झाला आणि आपल्या आवारातील गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करणे तेथील विद्यापीठांवर बंधनकारक झाले. २०१३ च्या दुरुस्तीने नव्या विद्यार्थ्यांना प्रतिबंधक प्रशिक्षण देणेही आवश्यक ठरले. परिणामी तेथील अनेक विद्यापीठांत मद्यपान, लैंगिक अत्याचार, मानसिक आरोग्य यांविषयीचा ऑनलाईन पाठ पूर्ण केल्याखेरीज पुढील नोंदणीच होत नाही. तेथील विद्यार्थीही तो पाठ पुढे पुढे ढकलत संपवतात, हे खरे. तरीही त्यांच्या व्यवस्थेतील एक गोष्ट घेण्याजोगी आहे. स्वतःच्या आवारात काय घडले हे लपवायचे नाही, आकड्यांनिशी सांगायचे, असा दंडक तेथे आहे. आपल्याकडे संस्थेची अब्रू जाईल या भयाने घटना दाबली जाते आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्याच खड्ड्यात पडतो.

प्रशिक्षण नेमके कशाचे हवे, हे समजण्यासाठी अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. पुणे पुरेसे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्यात अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोन तरुणांनी आपले जीवन संपवले. त्यांतील एक महाविद्यालयीन विद्यार्थी होता, वय १९. समाजमाध्यमावरील अनोळखी ओळखीतून खासगी छायाचित्रे मिळवायची आणि ती नातेवाइकांना पाठविण्याची धमकी देऊन पैसे उकळायचे, या प्रकाराचे ते बळी होते. तपास राजस्थानातील अलवर जिल्ह्यातील एका खेड्यापर्यंत पोचला. त्या मुलाकडून उकळलेली रक्कम काही हजारांची होती. मध्यमवर्गीय घराला ती सोसली नसती असे नाही. त्याला सोसवले नाही ते निराळेच.

या गुन्ह्याचे तंत्र नीट पाहिले पाहिजे. ठकसेनाकडे शस्त्र नसते, तो शेकडो मैल दूर असतो. पहिली रक्कम मिळाली की तो थांबत नाही. उलट हा माणूस घाबरतो, हे त्याला कळते आणि मागणी वाढते. ‘पोलीस अधिकारी’ म्हणून दुसराच कुणी दूरध्वनी करतो, तक्रार मिटविण्याचे आणखी पैसे मागतो. त्याचे सारे भांडवल एकच असते, ते म्हणजे हा मुलगा घरी सांगणार नाही याची खात्री. ती खात्री त्याला कुणी दिली? आपल्या घरांनी दिली. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांवर त्याचा धंदा चालतो.

येथे सुसंस्कृत घरांनी थोडे अंतर्मुख होण्याची आवश्यकता आहे. ‘आमच्या मुलांवर संस्कार आहेत, ती असल्या भानगडीत पडणार नाहीत’ असे समाधान अनेक घरांत, सामाजिक कार्य करणाऱ्या घरांत तर अधिकच, बाळगले जाते. संस्काराचे मोल कुणी नाकारत नाही. पण ज्या मुलावर संस्कार आहेत, त्यालाच अपराधाची टोचणी अधिक लागते. निर्ढावलेला मुलगा धमकीला हसून क्रमांक बंद करतो. म्हणजे जाळ्यात न अडकण्याचे बळ संस्कार देतील, परंतु अडकल्यानंतर त्याच संस्कारांचे ओझे होऊन मुलगा गुदमरू शकतो. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती; आणि त्याचा पराक्रम कमी होता असे कुणी म्हणत नाही.

तेव्हा प्रशिक्षणाचा भर बाहेर पडण्यावर हवा. पैसे देऊ नयेत. संभाषण पुसून टाकू नये, तोच पुरावा असतो. विश्वासाच्या एका माणसाला त्याच रात्री सांगावे, सकाळची वाट पाहू नये. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी अडविता येण्याची शक्यता असते. खासगी छायाचित्रे तक्रारीनंतर ठरावीक मुदतीत हटविण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांवर घातले, हेही किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? आणि या साऱ्याबरोबर पालकांनाही एक पाठ हवा. मुलाने सांगितल्यावर वडिलांच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य कोणते असावे, याचा. ‘तू हे केलेसच कसे?’ हा प्रश्न आठ दिवसांनी विचारला तरी चालतो.

मुलींच्या बाबतीत गाठ आणखी अवघड आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतून ‘निर्भय कन्या अभियान’ राबविले जाते, ते स्तुत्यच आहे. परंतु शेवगावहून आलेल्या मुलीच्या चेहऱ्याचे बनावट चित्र कुणी फिरवले, तर तिची पहिली भीती त्या चित्राची नसते. घरी कळले तर शिक्षण बंद होईल, खोली सोडावी लागेल, उन्हाळ्यात लग्न उरकले जाईल, ही असते. अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला, असा हा न्याय. म्हणून ती गप्प राहते आणि चित्र फिरवणारा निर्धास्त. दुसरीकडे, मुलग्यांना असले प्रबोधन लागतच नाही अशी समजूत आहे. पुण्याच्या त्या दोन तरुणांनंतरही ती गेलेली नाही.

नगरकरांना फसवणूक नवी नाही. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला तेव्हा ठेवीदारांचे काय झाले, ते या शहराने पाहिले. पण ते दुःख चारचौघांत बोलता येत होते. विद्यार्थ्याचे तसे नसते. त्यातही एक नवा सापळा असा आहे की, फसणारा मुलगा स्वतःच आरोपीच्या रांगेत जाऊन बसतो. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेव, बाकीचे सांगू तिकडे पाठव’ एवढेच काम; मेसचा खर्च सुटेल, या विचाराने मुलगा बँकेचे खाते आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. ते पैसे कुणा निवृत्त शिक्षकाच्या आयुष्यभराच्या पुंजीचे असतात. खाते गोठते, परराज्यातील पोलिसांची नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, आणि स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाच्या नावावर गुन्ह्याची नोंद होते. २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर ठकबाजीत २२,८४५ कोटी रुपये गमावल्याचे संसदेत सांगण्यात आले. एवढी रक्कम हलवायला भाड्याची खाती लागतात आणि ती पुरविणाऱ्यांत विद्यार्थीही सापडतात. गुप्तशब्द जपा, या उपदेशाच्या जोडीने ‘खाते भाड्याने देऊ नका’ हे एक वाक्य प्रत्येक प्रवेश अर्जावर ठळक छापायला काय हरकत आहे?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात १५ निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे, पालकांचेही प्रबोधन व्हावे, असे त्यांत आहे. २०२३ मध्ये देशात १३,८९२ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. न्यायालयाला एवढे तपशिलात शिरावे लागले त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. हजारो विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात एक समुपदेशक पुरणार नाही, हे उघड आहे. पण तो एकही असेल तर तो कुठल्या खोलीत, किती वाजता भेटतो, हे मुलांना ठाऊक असावे आणि त्या खोलीत शिरताना साऱ्या व्हरांड्याने पाहू नये, एवढी सोय तरी हवी.

बाकीचे काम समाजाचे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरात एक रात्र यासाठी देता येईल. शेकोटीभोवती वरच्या वर्गातील मुलगा आपल्या बोलीत सांगतो ते सभागृहातील भाषणापेक्षा खोल जाते. पुण्याचे क्विक हील प्रतिष्ठान महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाच तयार करून शाळांत पाठवते, तोही मार्ग अनुकरणीय आहे. सावेडीतील गणेश मंडळांना देखाव्यासाठी विषय हवेच असतात. अभ्यासिकांच्या भिंतीवर वेळापत्रकाशेजारी १९३० आणि १४४१६ हे दोन क्रमांक रंगवायला एका दुपारचे काम आहे. मेस चालवणाऱ्या मावशींनाही या कामात घ्यावे. चार दिवस ताट अर्धे टाकणारा मुलगा सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येतो, आणि अशा वेळी कुणाला कळवायचे हे मात्र त्यांना आजवर कुणी सांगितलेले नाही.