वाचले असे गृहीत धरून

कंपनी ही कायद्याने घडवलेली कृत्रिम व्यक्ती असते आणि तिची देणी थकली तरी भागधारकाचे नुकसान त्याने भागांपोटी भरलेल्या किंवा भरावयाच्या रकमेपलीकडे जात नाही. ‘मर्यादित दायित्व’ म्हणून ओळखली जाणारी ही सवलत ब्रिटनमध्ये १८५५ साली आणि हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने मिळाली. कंपनीशी व्यवहार करणाऱ्या तिऱ्हाइताला मालकाच्या घरादारावर हात टाकता येणार नसेल, तर निदान ती कोणाची आहे, तिच्याकडे किती पैसा आहे आणि तिने कोणाचे देणे करून ठेवले आहे, हे त्याला आधी पाहता आले पाहिजे, या न्यायाने सवलतीच्या मोबदल्यात कंपनीचे दप्तर जनतेसाठी खुले झाले. भारतात हे दप्तर कंपनी निबंधक सांभाळतो आणि २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ३९९ नुसार कोणालाही, आपले हितसंबंध सिद्ध न करता, ठरावीक शुल्क भरून ते तपासता येते.

हा निव्वळ हक्क असता तर तो वापरणे न वापरणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडता आले असते. परंतु कायदा येथे एक पाऊल पुढे जातो. कंपनीने कर्जासाठी आपल्या मालमत्तेवर चढवलेला बोजा निबंधकाकडे नोंदला गेला, की ती मालमत्ता पुढे विकत घेणाऱ्या प्रत्येकाला त्या बोजाची माहिती होती असेच कलम ८० मानते, मग त्याने ती नोंद पाहिलेली असो वा नसो. कंपनीची घटनापत्रिका आणि नियमावली यांबाबतही न्यायालयांनी हेच तत्त्व दीर्घकाळ लावले असून, अंतर्गत कारभाराची चौकशी करण्याचे ओझे तिऱ्हाइतावर नाही असा अपवाद करून त्यांनीच त्याची धार थोडी बोथट केली आहे. थोडक्यात, नागरिकाने दप्तर वाचले आहे असे राज्यसंस्था गृहीत धरते आणि न वाचल्याचा तोटा त्याच्या पदरात टाकते.

वाचण्यासारखे या दप्तरात पुष्कळ आहे. २००६ पासून ते ‘एमसीए-२१’ या संगणकीय प्रणालीवर असून, कंपनीचे नाव किंवा एकवीस अंकाक्षरी ओळख क्रमांक दिल्यास मूलभूत तपशील विनाशुल्क दिसतो. त्या क्रमांकातच कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे की नाही, तिचा उद्योग, राज्य, स्थापनेचे वर्ष आणि खासगी वा सार्वजनिक हे स्वरूप सांकेतिक रीतीने गोवलेले असते. तपशिलात अधिकृत भांडवल आणि भरणा झालेले भांडवल असे दोन आकडे येतात आणि जाणत्या वाचकाची नजर आधी दुसऱ्यावर जाते, कारण पहिला आकडा कंपनीला जास्तीत जास्त किती भाग काढता येतील याची केवळ मर्यादा सांगतो, तर दुसरा प्रत्यक्ष आलेल्या पैशाचा असतो. खासगी कंपनीसाठी किमान एक लाख रुपये भरणा झालेल्या भांडवलाची अट २०१५ साली रद्द झाल्यापासून तर हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरला आहे. मात्र सर्वांत बोलकी नोंद असते ती शेवटच्या वार्षिक सभेची आणि शेवटच्या ताळेबंदाची तारीख. सभेनंतर ताळेबंद तीस दिवसांत आणि वार्षिक विवरणपत्र साठ दिवसांत दाखल करणे बंधनकारक असताना ज्या कंपनीच्या तारखा तीन-चार वर्षांपूर्वीच थबकल्या आहेत, तिच्या चकचकीत कार्यालयाने कोणी दिपून जाण्याचे कारण नाही.

मोठ्या परताव्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा करणाऱ्यांचा भर नेमका या दप्तराविषयीच्या अज्ञानावर असतो. कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेले नोंदणी प्रमाणपत्र जणू सरकारी हमीपत्र असल्याच्या थाटात दाखवले जाते. वस्तुतः ते कंपनी अस्तित्वात आली एवढेच सांगते, तिला जनतेकडून ठेवी घेण्याची मुभा आहे असे सांगत नाही. ती मुभा असल्यास त्यासाठी कंपनी कायद्याच्या स्वतंत्र अटी किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ साली स्वतंत्र कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्रात तरी हा फरक घरोघरी ठाऊक असायला हवा होता.

तथापि सारा दोष वाचकाच्या माथी मारून शासनाला मोकळे होता येणार नाही, कारण दप्तराच्या सत्यतेची हमी शासनही देत नाही. बरीचशी विवरणपत्रे सनदी लेखापाल वा कंपनी सचिवाच्या प्रमाणपत्राच्या भरवशावर, अधिकाऱ्याच्या छाननीविना थेट नोंदली जातात. २०१७ साली दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे एका मोहिमेत पटावरून काढून टाकण्यात आली, याचा अर्थ वर्षानुवर्षे विवरणपत्रे न भरणाऱ्या या कंपन्या तोवर पटावर सुखेनैव नांदत होत्या. ब्रिटनने २०१५ पासून आपले कंपनी दप्तर संगणकावर सर्वांना फुकट खुले केले, तेथेही कोणी काहीही लिहून द्यावे आणि निबंधकाने ते निमूट स्वीकारावे अशीच टीका झाली. परंतु २०२३ च्या कायद्याने तेथील निबंधकाला शंकास्पद माहिती रोखण्याचे व तिची विचारणा करण्याचे अधिकार दिले आणि संचालकांची ओळखपडताळणी सक्तीची केली. आपल्याकडेही नोंदणीकृत पत्त्याची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा अधिकार निबंधकाला कलम १२ मध्ये दिलेला आहे. उणीव आहे ती तो सातत्याने वापरण्याची.

दुसरा प्रश्न किमतीचा आणि भाषेचा. प्रत्यक्ष कागदपत्रे पाहायची तर प्रत्येक कंपनीमागे शंभर रुपये मोजावे लागतात आणि ती मर्यादित काळच पाहता येतात. रक्कम मोठी नाही, परंतु दहा पुरवठादारांची खातरजमा करू पाहणाऱ्या लघुउद्योजकाला आणि पत्रकाराला ती थांबवते. शिवाय हाती येणारा मजकूर बहुतांश इंग्रजीत आणि तोही विवरणपत्रांच्या बोजड परिभाषेत असतो. याच महाराष्ट्रात सातबारा कोणालाही संगणकावर मराठीत आणि विनाशुल्क पाहता येतो. गुंठाभर जमिनीवरचा बोजा शेतकऱ्याला त्याच्या भाषेत फुकट दिसतो आणि देशात सर्वाधिक नोंदणीकृत कंपन्या असलेल्या राज्यात कंपनीच्या बोजाची मूळ कागदपत्रे मात्र पैसे मोजून परभाषेत वाचावी लागतात, या विसंगतीला तांत्रिक कारण कोणतेही नाही.

तेव्हा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने निदान ताळेबंद, वार्षिक विवरणपत्र आणि बोजाची नोंद एवढी तीन कागदपत्रे निःशुल्क करावीत आणि मूलभूत तपशील राज्यभाषांत द्यावा. ते होईपर्यंत ठेव ठेवणाऱ्याने, उधारीवर माल देणाऱ्याने आणि नोकरी स्वीकारणाऱ्यानेही पैसे वा शब्द देण्यापूर्वी कंपनीच्या शेवटच्या ताळेबंदाची तारीख तेवढी पाहून घ्यावी.