व्हायोलिन 'गायलं' म्हणे, पण वाजलं कसं?

शास्त्रीय व्हायोलिनच्या मैफलीचं परीक्षण वाचा, एक वाक्य हमखास सापडतं: 'व्हायोलिन जणू गाऊ लागलं.' पुढे 'रसिक मंत्रमुग्ध', मग आयोजकांची नावं. झालं परीक्षण!

गायकी अंग खोटं नाही. व्हायोलिनला पडदे नसतात, म्हणून मींड गळ्यासारखी निघते. पं. गजाननबुवा जोशी तर गायन आणि व्हायोलिन दोन्हींत मातब्बर. पं. डी. के. दातार, एन. राजम यांचं वादनही गायकी अंगाचंच. पण गज कसा फिरला, आलापीला वेळ दिला का, द्रुतमध्ये सूर हलला का, तबल्याने व्हायोलिन झाकलं का, हे कोण लिहिणार?

आपल्याला याची गरज जास्त. मुरबाडला रेल्वे नाही. शहापूरकर कसारा लोकलच्या हिशेबाने भैरवीआधीच उठतो. आपली अर्धी मैफल पेपरातच ऐकायची असते.

वामनराव देशपांडे पेशाने हिशेबतपासनीस. पण 'घरंदाज गायकी'त त्यांनी मत मांडलं ते कारणांसकट.

दोष आम्हा पत्रकारांचाही. प्रेसनोटवरून बातमी मीही लावलीय. कलाकार दुखावेल, पुढचा पास मिळणार नाही, ही भीती असते. पण नुसत्या कौतुकाने नुकसान तरुण वादकाचंच. कुठे कमी पडलो ते त्याला कळतच नाही.

यापुढे मैफलीवर लिहिताना एक तरी मत कारणासकट देईन. नाही दिलं, तर इथेच हटका.