विंडोज १० गेलं, मग लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायचं कसं?

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. खामगाव-चिखलीकडचे जुने लॅपटॉप अजून चालतात, पण त्यातल्या बऱ्याच मशीन विंडोज ११च्या अटीत बसत नाहीत. मग लिनक्स? ‘त्यात सॉफ्टवेअर टाकणं अवघड’ हा समज आता जुना झाला. उलट विंडोजवर आपण गुगलवर शोधतो, कुठली तरी ‘ईएक्सई’ फाइल उतरवतो आणि नेक्स्ट-नेक्स्ट दाबत सुटतो. खोट्या डाउनलोड बटणातून व्हायरस येतो तो इथेच. लिनक्स मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, व्हीएलसी शोधा, इन्स्टॉल दाबा, पासवर्ड द्या. झालं! अगदी प्ले स्टोअरसारखं. (तसंही अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे.) खरी अडचण वेगळीच: टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. अकाउंट्सची नोकरी शोधत असाल, तर विंडोज काढू नका. लिनक्स शेजारी टाका, आधी बॅकअप घेऊन.